ग्राउनबाखची कोयती

मदिना
१४ जानेवारी २०२५, मंगळवार

शारीक,

अस्सलामु अलैकुम.

आज सहा वाजता ड्यूटीवर गेलो. तिसऱ्या मजल्याच्या चादरी लाँड्रीतून ओलसर आल्या होत्या, त्या परत पाठवल्या. दुपारी एका वेटरच्या कोटाचं अस्तर शिवून दिलं. असरची नमाज मस्जिदे नबवीत पढलो आणि तिथून बकीला जाऊन आलो. थंडी आहे. आता खोलीवर येऊन हे पत्र लिहितोय.

आई गेली. ३ जानेवारीला, जुम्म्याच्या दिवशी, फजरनंतर. तुझ्या साबिरा भाभीबरोबर उमऱ्याला आली होती. मक्क्याचं सगळं नीट पार पडलं, मदिनेत येऊन आठ दिवस झाले होते. त्या सकाळी साबिराने तिला चहा दिला. अर्धा कप प्याली, म्हणाली, "साखर कमी झाली गो," आणि उशीला टेकली. साबिरा साखर घेऊन वळेपर्यंत संपलं होतं. ब्याऐंशी वर्षांची होती.

असरनंतर मस्जिदे नबवीत जनाज्याची नमाज झाली. किती हजार माणसं होती मला सांगता येणार नाही. आपल्या गावात चाळीस उभी राहिली असती. दफन लगतच्या बकी कब्रस्तानात झालं. तिथली माती मिळावी म्हणून लोक आयुष्यभर दुआ मागतात. आईने तीही मागितली नव्हती, तिचं मागणं गुडघे बरे व्हावेत एवढंच होतं. त्यामुळे मी फार रडलो नाही. बरं वाटतंय असं लिहिलं तर तुला विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तुझा नंबर माझ्याकडे नाही. पत्ता आहे, तोही चौदा वर्षांपूर्वीच्या पाकिटावरचा. तू अजून त्याच गावात असशील असं धरून लिहितोय.

ते पाकीट आईच्या नमाजाच्या मुसल्याच्या घडीत सापडलं. उमऱ्यालाही बरोबर आणलं होतं. डाव्या कोपऱ्यात तुमच्या जर्मनीतल्या ग्राउनबाख गावाची निशाणी छापलेली आहे: हिरवी ढाल, तिच्यावर पांढरं वाकडं पातं, खाली पांढरी नागमोडी पट्टी. त्या निशाणीचा खरा अर्थ काय? ती कधीपासून आहे? जमलं तर कळव. आईला मी एक अर्थ सांगितला होता. तो कितपत बरोबर होता ते बघायचं आहे.

आंकेला सलाम. मुलं असतील तर त्यांना दुआ.

हनीफ


मदिना
२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

शारीक,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र काल मिळालं. आठ ओळी आहेत. पाच निशाणीवर, दोन आईवर, एक माझ्यावर. माझ्यावरच्या ओळीचं उत्तर या पत्रात नाही. तू नंबरही दिला आहेस. फोनवर मला असलं काही बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आंकेने जोडलेला कागद आणि त्याखाली तू पेन्सिलीने केलेलं मराठी मी तीनदा वाचलं. मला समजलं ते असं. ग्राउनबाखला जुन्या काळी कसलीच निशाणी नव्हती. १९५२ साली वरच्या कचेरीने सांगितलं, प्रत्येक गावाला शिक्का हवा. मग शाळेच्या मास्तरांना कामाला लावलं. मास्तर शिवारभर फिरले आणि त्यांना हद्दीचा एक जुना दगड सापडला. त्यावर वाकडी खूण कोरलेली होती. मास्तर म्हणाले, हा द्राक्षाच्या वेली छाटायचा कोयता. कारण एका जुन्या सारावहीत गावात द्राक्षमळे असल्याचा उल्लेख होता. मळे कधीच गेले, आता एक वेलसुद्धा नाही. कोयता राहिला. खालची पट्टी म्हणजे गावचा ओढा.

पण शेवटी आंकेने लिहिलंय ते मला सगळ्यात आवडलं. तिचे आजोबा म्हणायचे की तो कोयता नव्हताच, सातचा आकडा होता. हद्दीचा सातवा दगड. मास्तरांनी सातच्या आकड्याचा कोयता केला आणि सगळं गाव तो छातीवर लावून फिरतं.

मी कागदावर आपला मराठी सात काढून बघितला. ७. त्याचंही पातं वाकडंच आहे. इथल्या अरबी सातला तसलं काही नाही, ती नुसती दोन काड्यांची बेचकी. म्हणजे मास्तर आपल्या बाजूचे म्हणायचे.

रंगांचा नियमही वाचला. गडद रंगावर चांदी किंवा सोनं चालतं, पण सोन्यावर चांदी चालत नाही, कारण लांबून दिसलं पाहिजे. हे मला कोणी शिकवलं नाही, पण मी तीस वर्षं हेच करतोय. आमच्या हॉटेलची निशाणी खजुराचं झाड. आधीच्या मॅनेजरला ते क्रीम कापडावर सोनेरी धाग्याने हवं होतं. मी म्हटलं, साहेब, दिसणार नाही. तो म्हणाला, "हनीफ, यल्ला, तू फक्त शिव." शिवलं. नॅपकिनवर नाही दिसलं, तसंच क्रीम कागदावर छापलेल्या लेटरहेडवर नाही दिसलं. पाहुणे समजायचे, चहाचा डाग पडलाय.

आता आईला मी काय सांगितलं होतं ते.

तुझं ते पाकीट २०११ च्या रजेत मी तिच्या हातात दिलं. तिने आधी पत्ता बघितला नाही, कोपरा बघितला. म्हणाली, "ही तर आपली कोयती रे!" मी म्हटलं, आई, तिकडे कोयती कुठली. तिने परसदारी खुंटीवर टांगलेली बाबांची कोयती उतरवली आणि पाकिटाशेजारी धरली. बाक तोच, चोच तीच.

आपल्याला शाळेत काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. कोयतीवाल्याची पोरं. बाबा लोकांच्या वाड्यांत माडावर चढायचे, कमरेच्या आकडीत कोयती अडकवलेली असायची, ती आपण वर्गात बसलेले असताना खिडकीतून दिसायची. तू त्यासाठी एकाचं डोकं पाटीने फोडलं होतंस. मी कोणाचं फोडलं नाही, मी दुसऱ्या वाटेने घरी यायचो. आईने हे सगळं बघितलेलं होतं. त्यामुळे सरकारी पाकिटावर कोयती बघून ती ते घेऊन शेजारच्या ताजुन्निसाकडे निघालीच.

"बघ गो. शारीकच्या गावच्या सरकारी पाकिटावर आपली कोयती."

"जर्मनीत माड कुठले, काकी? तिथे बर्फ पडतो."

"माड नसतील. पण सरकार काय उगाच छापतं?"

"मग शारीकभाई तिकडे नारळ पाडतो की काय?"

"तुझा नवरा दुबईत काय पाडतो ते सांग आधी."

ताजुन्निसा हसली, पण आईचं समाधान झालं नव्हतं. तिने मला विचारलं, कोयती का छापली? मी तिथल्या तिथे सांगितलं की पूर्वी त्या गावचे लोक रानात वाट चुकले होते, पाण्यावाचून मरायला टेकले होते, तेव्हा एका गरीब माणसाने कोयतीने झाडी तोडून ओढ्यापर्यंत वाट काढली. म्हणून वर कोयती आणि खाली पाणी. आई म्हणाली, "गरीबच असणार. कोयती श्रीमंताच्या कमरेला कुठे असते?"

पुढच्या वर्षी हीच गोष्ट तू लिहिली आहेस म्हणून मी तिला वाचून दाखवली. हो, वाचून दाखवली. कशावरून, ते मी नंतर लिहीन. रमजान आठ-नऊ दिवसांवर आला आहे, हॉटेल भरेल.

हनीफ


मदिना
७ एप्रिल २०२५, सोमवार

शारीक,

अस्सलामु अलैकुम. ईद मुबारक, उशिरा का होईना.

रमजानात वेळ मिळाला नाही ही सबब आहे. वेळ होता. तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून लिहिलं नाही.

तू विचारलं आहेस: "आईला माझं नाव ऐकायचं नाही असं तू २०११ मध्ये कळवलंस, मग तिने माझं पाकीट चौदा वर्षं मुसल्यात का ठेवलं?"

तिने तसं कधी म्हटलं नव्हतं, शारीक. ते मी लिहिलं.

बाबांचं खरं आहे. तू जहाजावरून उतरून आंकेशी लग्न केलंस तेव्हा ते म्हणाले होते, तो या घराचा नाही. पण बाबा २००८ मध्ये गेले आणि ती गोष्ट तिथे संपली. आईने त्यानंतर एकदाही तसं काढलं नाही. तुझं २०११ चं पत्र माझ्या हॉटेलच्या पत्त्यावर आलं. आत तू लिहिलं होतंस की मला घरी यायचं आहे, आंकेला घेऊन, तू आईला विचार आणि मला कळव. मी विचारलं नाही. पत्र माझ्याकडे ठेवलं, रिकामं पाकीट आईला दिलं आणि तुला नकार कळवला.

तुझं पत्र आलं तेव्हा आई आजारी होती, रजेवर गेलो तेव्हा कुठे ती हिंडायला लागली होती. सहा महिने साबिरा तिचं सगळं करत होती आणि मी इथून रात्रपाळ्या करून खर्च भागवत होतो. मला वाटलं, आता हा येईल, गोरी बायको घेऊन अंगणात उभा राहील आणि आई खाटेवरून उठून चालायला लागेल. आणि लोक म्हणतील, शारीक आला आणि आई बरी झाली. एवढंच कारण आहे. मी बरेच दिवस मोठं कारण शोधत होतो, सापडलं नाही.

मग आई विचारायला लागली. पाकीट आलं तर पत्र कुठाय? मी म्हटलं, जर्मन कागद होता, मदिनेत राहिला, पुढच्या खेपेला आणतो. पुढच्या खेपेला आणावंच लागलं. विमानात बसून हॉटेलच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. तेव्हापासून दर रजेला एक. अकरा पत्रं झाली, कोरोनाची दोन वर्षं गेलो नव्हतो. आईला मराठी वाचता येत नव्हतं. ती दाराकडे तोंड करून बसायची आणि मी उंबऱ्यात बसून वाचायचो.

त्यात मी तुला ग्रामपंचायतीत कामाला लावलं होतं. गावची झाडं छाटायची, रस्त्यावरचं बर्फ काढायचं. आणि परवा तुझं दुसरं पत्र आलं, त्यात वाचलं की तू खरंच ग्राउनबाखच्या पंचायतीत झाडं छाटतोस आणि बर्फ काढतोस. तुला दोन मुलगे दिले होते. तुला एक मुलगी आहे हे आता कळलं. तिची माफी मागतो.

तुला गप्प केलं आणि मग तुझ्या तोंडून मीच बोलत राहिलो. माझ्या स्वतःच्या पत्रांत मी कधी चार वाक्यांच्या पुढे गेलो नाही. तुझ्या पत्रांत मी पानभर लिहायचो. शेवटी नेहमी "भाईला माझा सलाम" असायचं.

एक निरोप राहिला आहे, तो दिला पाहिजे. मदिनेत आल्यावर दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाबांची कोयती शारीकला दे. त्याच्या गावात तिचा मान आहे." मी म्हटलं, आई, कोयती विमानात नेऊ देत नाहीत. ती म्हणाली, "मग त्याला ये म्हणावं." दहा मिनिटांनी परत म्हणाली, "सांगशील ना?" मी हो म्हटलं. हे पत्र म्हणजे ते सांगणं आहे.

मी माफी मागतो. तू दिली नाहीस तरी निरोप खरा आहे. तो माझा बनवलेला नाही. साबिरा समोर होती, तिला विचार.

हनीफ


मदिना
११ जुलै २०२५, शुक्रवार

शारीक,

व अलैकुम अस्सलाम.

आज सुट्टी. जुम्म्याची नमाज पढून आलो, दाल-भात केला, खाल्ला, भांडी घासली. बाहेर चव्वेचाळीस आहे. हज संपून गर्दी ओसरली, लिनन रूममध्ये आता चादरी मोजायला वेळ मिळतो.

तीन महिने तुझं काही आलं नाही. मी टपाल बघायला रोज जात नव्हतो, दिवसाआड जात होतो. मंगळवारी मोठं पाकीट आलं. कोपऱ्यात कोयती. हाताला जाड लागलं, म्हटलं, बरंच लिहिलेलं दिसतंय, आता बस हनीफ, आणि ऐक. खोलीवर येऊन फोडलं तर आत वीस कोरे कागद. ग्राउनबाखच्या पंचायतीचे, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी ढाल. आणि एक चिठ्ठी:

"भाई, पुढच्या वेळी माझ्या नावाने पत्र लिहिशील तर निदान कागद तरी माझ्या गावचा वापर. राग गेलेला नाही. नोव्हेंबरात रजा आहे. आंके आणि मुलगी बरोबर आहेत. थेट गावी येतो. कोयतीला तेल लावून ठेव."

मी एकटाच होतो तरी मोठ्याने हसलो. बाजूच्या खोलीतल्या बंगाली माणसाने भिंत ठोकली.

राग गेलेला नाही हे बरोबर आहे. तो घेऊनच ये. अंगण मोठं आहे.

त्याच दिवशी साबिराला फोन केला. कोयतीला तेल लाव म्हटलं, कारण सांगितलं. ती म्हणाली, लावते. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

ते मी आहे तसं लिहितो. तुझ्या नावाचं तिसरं की चौथं पत्र वाचून मी मशिदीत गेलो होतो. माझ्या मागे आईने साबिराला विचारलं, "गो, त्या हॉटेलची निशाणी कसली?" साबिरा म्हणाली, खजुराचं झाड. आई म्हणाली, "शारीकच्या कागदावर पण खजूर आहे."

क्रीमवर सोनेरी. साहेब, दिसणार नाही, असं मीच म्हटलं होतं. नॅपकिनवर नाही दिसत. पण मी उंबऱ्यात बसायचो, उजेड माझ्या पाठीमागून यायचा, आणि कागद उजेडात धरला की सोनेरी रंग काळा दिसतो. आईला मोतीबिंदू असला तरी. तीस वर्षं हेच काम करतो आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. जिने चार बोटांच्या पाकिटावर कोयती ओळखली, ती वीतभर खजूर ओळखणार नाही, असं मी कसं धरलं?

साबिराने तिला विचारलं होतं, मग तुम्ही त्यांना बोलत का नाही? आई म्हणाली, "वाचू दे. तेवढाच तो शारीकशी बोलतो."

साबिराने हे दहा-अकरा वर्षं पोटात ठेवलं. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, "आईंनी शपथ घातली होती. आणि तुम्ही वाचायचात पण छान."

मला वाईट वाटलं का, हे मी चार दिवस बघतोय. वाटलं. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. आई फसली नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मदिनेत तिने मला परत विचारलं, सांगशील ना?

नोव्हेंबरात मीही रजा टाकली आहे. मॅनेजरने आधी कुरकुर केली, मग म्हणाला, खलास, जा. त्याआधी तू बकीला यायचं म्हणालास तर उमऱ्याचा व्हिसा काढावा लागेल, बघ. तिथे कबरीवर नाव नसतं, कसलीच निशाणी नसते, मातीत रोवलेला साधा दगड. पण जागा मला माहीत आहे. वाटेपासून ओळी मोजून मी रोज तिथेच उभा राहतो. सातवी ओळ आहे. हे मी तुझ्या निशाणीवरून जुळवलेलं नाही, जाऊन मोजता येईल.

सोबत एक गोष्ट पाठवतोय. हिरव्या गॅबर्डिनच्या कापडावर पांढऱ्या धाग्याने तुमची ढाल शिवली आहे, शर्टाच्या खिशावर लावण्याएवढी. मशीनवर नाही, हाताने. आंकेने बारकाईने बघितली तर तिला कळेल की पात्याची चोच मास्तरांच्या चित्रापेक्षा जरा जास्त वळलेली आहे. मला दुसरी येत नाही. तुझ्या मुलीला विचारू दे, हे काय आहे म्हणून. द्राक्षाचा कोयता सांग, सातचा आकडा सांग, आपल्या बाबांची कोयती सांग. तिला पटेल ते.

हे पत्र तुझ्याच कागदावर लिहिलं आहे. तीन कागद लागले, सतरा उरले.

आता पाकीट बंद करण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून बघतो. सवय आहे. खुर्ची ओढून खिडकीशी घेतो, उजेडाकडे पाठ करून.

हनीफ